चाहता आणि त्याचे मत

बीड जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, परळी वैजनाथ तालुक्यात, धर्मापुरी नावाचे जुने गाव आहे. गावात किल्ला आहे आणि केदारेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. चालुक्यांच्या काळातील हे दगडी मंदिर पाहण्यास लांबून लोक येतात. बहुतेक जण गाभाऱ्यात जाऊन हात जोडतात, "मंदिर फार सुरेख आहे," असे म्हणतात आणि परततात. क्वचित एखादा मात्र बाहेरच्या भिंतींपाशी रेंगाळतो. तेथील मूर्तींपुढे तो एकेक करून उभा राहतो. कोणत्या मूर्तीची मान कोणत्या बाजूस कलली आहे, पाऊल कसे टेकले आहे, कठीण दगडात दागिन्याची नक्षी किती बारीक उतरली आहे, हे तो न्याहाळतो. परतताना तोही म्हणतो, "मंदिर फार सुरेख आहे." शब्द तेच, परंतु पहिल्याचे ते नुसते बोलणे होय, दुसऱ्याचे ते मत होय.

खेळ, नाटके आणि चित्रपट यांच्या बाबतीतही हाच प्रकार दिसतो. सायंकाळी गावच्या पारावर चार माणसे जमली की कोणता मल्ल भारी, कोणता गायक गोड, कोणता फलंदाज मोक्याच्या वेळी कच खातो, यावर हिरिरीने वाद सुरू होतात. हे वाद वाईट नव्हेत. त्यांच्यावाचून खेळाला आणि कलेला रंग चढत नाही. मोकळ्या मैदानात एकटेच धावणाऱ्याला धावपटू म्हणता येईल, पण शर्यतीला शर्यतपण येते ते कडेला उभ्या असलेल्या माणसांमुळे. या माणसांना आपण चाहते म्हणतो. चाहत्याला आवड असते, आणि आवडीला कारण द्यावे लागत नाही. एखाद्याला आंबा आवडतो, एखाद्याला सीताफळ. तेथे पुरावा मागणारा माणूसच हास्यास्पद ठरेल. पण "हा खेळाडू चांगला," "तो वाईट," असे म्हटले की आवडीचे मत होते, आणि मत म्हटले की त्याला आधार लागतो. आधार न पाहता दिलेल्या मताने कधी कधी एखाद्या माणसावर केवढा अन्याय होतो, हे समजण्यासाठी बीड जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

धर्मापुरी जिल्ह्याच्या एका टोकाला आहे, तर दुसऱ्या, पश्चिमेकडील टोकाला आष्टी तालुका आहे. तेथील मांडवा या लहानशा गावात, एका शेतकरी कुटुंबात, १९९४ साली अविनाश साबळे यांचा जन्म झाला. शाळा काही किलोमीटर दूर होती. ते अंतर लहानगा अविनाश कधी चालत, कधी धावत तोडीत असे. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचेनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत त्यांनी नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धांकडे ते वळले ते सैन्यात गेल्यानंतर, म्हणजे तसे उशिराच. त्यांची शर्यत म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत, जिला स्टीपलचेस म्हणतात. या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि सात वेळा अडथळ्यापलीकडील पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा जवळजवळ एक मीटर उंच असतो, आणि तो पाय लागला तरी पडत नाही. पडतो तो धावणारा. ओले बूट, दमलेले पाय आणि पुढे पुन्हा अडथळा, अशी ही अवघड शर्यत आहे.

टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धा २०२१ साली झाल्या. प्राथमिक फेरीत साबळे आपल्या गटात सातवे आले आणि अंतिम फेरीत पोहोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी निकालाची ओळ वाचून अनेकांनी आपले मत बनविले: "सातवा आला, बाहेर पडला." ओळ खरी होती, पण मत खरे नव्हते. साबळे यांनी त्या दिवशी ८ मिनिटे १८.१२ सेकंद ही वेळ नोंदविली. तोपर्यंत कोणताही भारतीय ही शर्यत इतक्या कमी वेळात धावला नव्हता. अंतिम फेरी न मिळालेल्या सर्व धावपटूंत त्यांचीच वेळ सर्वांत कमी होती. त्यांचा गट वेगवान निघाला. दुसऱ्या एका गटातील पहिले तिघे त्यांच्याहून अधिक वेळ घेऊनही पुढे गेले, कारण प्रत्येक गटातील पहिल्या तिघांना थेट प्रवेश असा तेथे नियम होता. म्हणजे आयुष्यातील सर्वोत्तम शर्यत धावूनही साबळे बाहेर राहिले. ज्याने केवळ क्रमांक पाहिला त्याला अपयश दिसले; ज्याने घड्याळ पाहिले आणि नियम वाचला त्याला एक मोठा धावपटू तयार होताना दिसला.

तो तयार झालेला लवकरच सर्वांना दिसला. बर्मिंगहॅम येथे २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. या शर्यतीवर केनिया देशाची केवढी सत्ता होती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसची सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. चोवीस वर्षांत चौथ्या कोणाला तेथे उभे राहण्यास जागा मिळाली नव्हती. बर्मिंगहॅमला केनियाचे अब्राहम किबिवॉट पहिले आले, त्यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद. दुसऱ्या क्रमांकावर बीड जिल्ह्यातील मांडव्याचे साबळे होते, वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. तीन हजार मीटर धावून, पस्तीस अडथळे ओलांडून दोघांत उरलेले अंतर सुमारे एक फुटाचे असेल!

येथे चाहत्याची खरी कसोटी लागते. साबळे आपल्या मातीतले, म्हणून त्यांचे कौतुक करणे सोपे आहे आणि योग्यही आहे. पण त्या एका फुटाच्या पुढे असलेल्या किबिवॉट यांचे नाव किती जणांना आठवते? शेवटच्या सरळ पट्ट्यात मागून येणाऱ्या पावलांचा आवाज कानांवर पडत असताना ज्याने आपली आघाडी एक फुटाने राखली, तोही डोळे भरून पाहण्यासारखा धावपटू होता. त्यांना लहान करून साबळे मोठे होत नाहीत. उलट, किबिवॉट किती कसलेले होते हे ज्याला कळले, त्यालाच त्या रौप्यपदकाची खरी किंमत कळली.

पुढे २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत साबळे यांनी सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस येथील एका शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. गोपाल सैनी यांनी १९८१ साली केलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम मोडण्यास सदतीस वर्षे लागली होती. साबळे यांनीच तो २०१८ मध्ये मोडला आणि नंतर सहा वर्षांत आणखी सुमारे वीस सेकंद खाली आणला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले. महिलांमध्ये सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांनी २०१६ सालीच या शर्यतीची अंतिम फेरी गाठली होती. पुरुषांमध्ये तेथवर जाणारे साबळे हे पहिले भारतीय. त्या फेरीत ते अकरावे आले. "अकरावा," असे म्हणून मान फिरविणारे तेव्हाही थोडे नव्हते.

खेळात निदान घड्याळ असते, फीत असते. कलेत ती सोय नाही. गाणे किती सेकंद गोड होते, हे मोजता येत नाही. म्हणून कलेच्या चाहत्यांचे तट अधिक चिवट असतात. मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वी असेच दोन तट पडले होते, आणि त्यांची गोष्ट फार मनोरंजक आहे.

एका तटाचे दैवत होते नारायण श्रीपाद राजहंस. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी कौतुकाने 'बालगंधर्व' म्हटले, आणि तेच नाव कायम झाले. त्या काळी नाटकांत स्त्रियांची कामे पुरुष करीत. बालगंधर्व रंगमंचावर स्त्रीवेषात येत तेव्हा त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल चांगल्या चांगल्या घरांतील स्त्रिया करीत. त्यांचे गाणे मृदू, भावाने ओथंबलेले होते. शब्द आणि सूर एकमेकांत असे मिसळत की कोणता कोठे संपला ते कळू नये. दुसऱ्या तटाचे दैवत होते कोल्हापूरचे केशवराव भोसले. घरच्या गरिबीमुळे अगदी लहान वयात ते नाटक मंडळीत शिरले. १९०८ साली, विशीसुद्धा गाठली नसताना, त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटकमंडळी उभी केली. त्यांचा आवाज बुलंद आणि पल्लेदार, तान विजेसारखी तळपणारी. लोक त्यांना 'संगीतसूर्य' म्हणत.

या दोघांचे चाहते एकमेकांशी कडाडून भांडत. आवडलेले पद प्रेक्षक 'वन्समोअर' म्हणून पुन्हा म्हणावयास लावीत, आणि कोणाला किती 'वन्समोअर' मिळाले याचे हिशेब बाहेर कट्ट्यांवर मांडले जात. एकाचा चाहता दुसऱ्याच्या नाटकास गेलाच, तर बहुधा खोड काढण्यासाठी जात असावा.

आणि अशा स्थितीत, ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, हे दोघे एकाच नाटकात एकाच रंगमंचावर उभे राहिले. लोकमान्यांचे निधन होऊन वर्ष होत आले होते. टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसा गोळा केला जात होता. त्या निधीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' हे नाटक करण्याचे ठरविले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक होते, तरी नाट्यगृह गच्च भरले. या नाटकातील भामिनी श्रीमंत घरची मुलगी आहे. धैर्यधर गरीब आहे म्हणून ती त्याचा अपमान करते, आणि त्याची योग्यता ओळखल्यावर त्याला मान देते. माणसाची पारख न करता त्याच्याविषयी मत बनविणे, हाच नाटकाचा विषय. नाट्यगृहात दोन्ही तटांचे लोक आपापले मत खिशात घालूनच आले होते, हा योग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

त्या रात्री कोण जिंकले? हा प्रश्न नंतर कित्येक वर्षे चघळला गेला. परंतु हा प्रश्नच चुकीचा होता. धैर्यधराची पदे जोरकस, वीरवृत्तीची. तेथे केशवरावांची तेजस्वी तान शोभे. भामिनीच्या पदांत लाज, राग आणि हळूहळू उमलणारे प्रेम. तेथे बालगंधर्वांचा मृदू सूर हवा. सूर्यप्रकाश चांगला की चांदणे, असा निवाडा करावयास बसलेल्या माणसाने दोन्हींतले सुख हातचे घालविले. ज्यांनी ती रात्र आपला गायक जिंकावा म्हणून मोजण्यात घालविली नाही, केवळ ऐकण्यात घालविली, ते भाग्यवान. कारण पुन्हा फार दिवस उरलेच नव्हते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी केशवराव वारले. त्यांचे वय अवघे एकतीस होते.

कधी कधी चाहत्याचे प्रेम इतके वाढते की नट आणि भूमिका यांतील भेदच पुसला जातो. पुण्याच्या 'प्रभात' चित्रसंस्थेने १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकाराम असा काही उभा केला की लोक पुढे त्यांनाच संत मानून नमस्कार करू लागले. पण हा चित्रपट खऱ्या अर्थाने ज्याने पाहिला, त्याला तुकारामाबरोबर त्याची बायको जिजाईही आठवते. घरात दाणा नाही, पोरे भुकेली, आणि नवरा अभंगात रमलेला. ती चिडते, देवालाही चार शब्द सुनावते, आणि तरी नवऱ्यावर जीव टाकते. 'प्रभात'मध्ये लहानसहान कामे करीत पुढे आलेल्या गौरी या नटीने ती उभी केली. जिजाईचा खरेपणा नसता, तर तुकारामाचे मोठेपण अर्ध्यानेच उठून दिसले असते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला, तो एकट्या नायकामुळे खचित झाला नसावा.

आतापर्यंत सांगितलेल्या चुका भाबड्या म्हणता येतील. पण मत जेव्हा खेळाडूचा खेळ सोडून त्याची जात पाहू लागते, तेव्हा तो भाबडेपणा राहत नाही. पळवणकर बाळू हे पुण्याला युरोपियनांच्या क्रिकेट मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. त्यांचा जन्म, ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, अशा चर्मकार समाजातला. सरावासाठी साहेब लोकांना चेंडू टाकता टाकता ते डाव्या हाताचे असामान्य फिरकी गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, म्हणून त्यांना मैदानात घेतले गेले. पण चहाच्या वेळी त्यांना चहा मिळे तो वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यातून. चेंडूला शिवलेला हात चालत होता, कपाला शिवलेला चालत नव्हता! १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही मुंबईच्या मोठ्या सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

मैदानाच्या कडेला बसलेले सामान्य प्रेक्षक मात्र पाहत होते. गडी कोण बाद करतो, हे त्यांना दिसत होते. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि त्यांच्या भावांनाही कर्णधारपद नाकारले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून या अन्यायाविषयी लिहिले जाऊ लागले, आणि जो वाद चार जणांच्या खोलीत मिटविला जात असे तो हजारो चाहत्यांचा वाद झाला. शेवटी १९२३ साली विठ्ठल पळवणकर कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा पराभव केला, आणि प्रेक्षकांनी मैदानात धाव घेऊन त्यांना खांद्यावर उचलले. जे हात कप वेगळा ठेवीत होते, त्यांच्याच समाजातील हे खांदे होते.

काही चाहते मात्र टाळ्या वाजवून थांबत नाहीत. कराडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. "सहावा," असे म्हणून त्यांनाही मोडीत काढता आले असते. पण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याची कुस्ती जवळून पाहिली होती. मातीत वाढलेला हा मल्ल परक्या देशात, गादीवर, अनोळखी नियमांनी लढून सहावा आला, याचा अर्थ त्यांना उमगला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे कमी पडू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी जमेल तसा पैसा उभा केला, आणि प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. एका मल्लाविषयीच्या आपल्या मतावर त्यांनी घर लावले होते.

हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक; दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. त्याच स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, त्यामुळे देशाचे डोळे तिकडे लागले. कराडकरांनी मात्र शंभराहून अधिक बैलगाड्या जुंपून आपल्या मल्लाची मिरवणूक काढली. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले. लोक तिकिटे काढून गर्दीने आले. त्या उत्पन्नातून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले आणि त्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.